साठा उत्तराची कहाणी आणि साडेबारा वर्षांचा खंड: ‘सामुराय जॅक’च्या शेवटाचे प्रकरण

प्रकरणाचा विषय

व्रताच्या कहाणीला आपल्याकडे ठरलेली सुरुवात असते आणि ठरलेला शेवटही असतो. आटपाट नगरातून निघालेली कहाणी ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या शब्दांपाशी आली, की ऐकणारा हातातल्या अक्षता वाहतो आणि उठतो. हे शब्द उच्चारलेच गेले नाहीत, तर अक्षता हातात तशाच राहतात. ‘सामुराय जॅक’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेच्या प्रेक्षकांवर अशीच वेळ आली होती. सप्टेंबर २००४ मध्ये मालिकेचा बावन्नावा भाग प्रसारित झाला आणि कहाणी वाटेतच थांबली. त्यानंतरचा भाग मार्च २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ साडेबारा वर्षांनी आला आणि त्यासह दहा भागांत कथा संपली.

या अभ्यासात एकच प्रश्न तपासला आहे. दर भागात नव्याने सुरू होऊन त्याच भागात मिटणारी भटक्या योद्ध्याची कथा, एवढ्या खंडानंतर आणि इतक्या थोड्या अवकाशात, कशी संपवावी? कोणत्या बैठकीत कोणाचे मत प्रभावी ठरले, हा येथे विषय नाही. पडद्यावर जे उतरले त्यातून दिसणारे कथनाचे निर्णय आणि त्या निर्णयांची किंमत एवढ्यापुरतेच विवेचन मर्यादित आहे. मालिकेचा शेवट पुढे उघड केला आहे, कारण तो सांगितल्याशिवाय प्रकरण मांडताच येत नाही.

पार्श्वभूमी

मालिकेचे निर्माते गेंडी टार्टाकोव्हस्की मॉस्कोत जन्मले आणि बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत आले. ‘डेक्सटर्स लॅबोरेटरी’ या आधीच्या ॲनिमेशन मालिकेच्या यशानंतर त्यांनी ‘सामुराय जॅक’ आणली आणि १० ऑगस्ट २००१ रोजी ती कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. आपल्याकडेही याच वाहिनीमुळे ती एका पिढीच्या परिचयाची झाली. प्रत्येकी तेरा भागांची चार पर्वे झाली. आकूच्या जन्माची कथा सांगणाऱ्या भागाला २००४ मध्ये प्राइमटाइम एमी पुरस्कारही मिळाला.

कथेचा गाभा चार वाक्यांत सांगता येतो. आकू नावाचा, हवे ते रूप घेणारा राक्षस एका जपानी राजाचे राज्य गिळतो. राजपुत्र लहानपणीच देशोदेशी पाठवला जातो, अरबस्तान, आफ्रिका, इजिप्त, ग्रीस अशा ठिकाणी वेगवेगळ्या विद्या शिकतो आणि परत येऊन वडिलांच्या दैवी तलवारीने आकूला लोळवतो. शेवटचा घाव बसण्याआधी आकू काळात एक विवर उघडून त्याला दूरच्या भविष्यकाळात फेकून देतो, आणि तेथे तर आकूचेच साम्राज्य असते. रस्त्यावरच्या लोकांनी ठेवलेले ‘जॅक’ हे नाव स्वीकारून राजपुत्र भूतकाळात परतण्याची वाट शोधत पायी फिरू लागतो.

भटक्या योद्ध्याच्या कथेचे संकेत

धनी गमावलेल्या सामुरायला जपानी भाषेत ‘रोनिन’ म्हणतात आणि या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘लाटेवरचा माणूस’ असा होतो. लाट नेईल तिकडे तो जातो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिम्बो’ (१९६१) या चित्रपटाचा नायक फाट्यावर उभा राहून हवेत काठी फेकतो आणि ती पडेल त्या दिशेने चालू लागतो. या कथाप्रकाराचा संपूर्ण स्वभाव त्या एका कृतीत सामावला आहे. नायक एखाद्या गावात शिरतो, तेथे कोणावर तरी अन्याय चाललेला असतो, तो त्यात पडतो, निस्तरतो आणि निघून जातो. गाव बदलते, नायक बदलत नाही. पुढच्या भागात मागच्या गावाचा उल्लेखही नसतो.

काटेकोरपणे पाहिले तर जॅक रोनिन नव्हे. त्याचा धनी मेलेला नाही, त्याने कोणाची चाकरी सोडलेली नाही; केवळ काळाच्या अंतराने तो आपल्या माणसांपासून तुटला आहे. मात्र मालिकेने रोनिनकथेचा साचा पूर्णपणे उचलला आणि त्यात एक महत्त्वाचा फरक केला. कुरोसावांच्या नायकाला कोठेही जायचे नसते, जॅकला मात्र एकाच ठिकाणी जायचे आहे. त्यामुळे साध्या भटकंतीला एक वचन चिकटले आणि ते वचन प्रत्येक भागाच्या आरंभी ऐकवले जाऊ लागले. विशेष म्हणजे ते ऐकवणारा आवाज खलनायकाचा आहे. आपण या मूर्ख योद्ध्याला भविष्यात कसे फेकले हे आकू स्वतःच सांगतो, आणि हा योद्धा भूतकाळात परतून आपले राज्य मुळातूनच पुसू पाहतो, हेही तोच सांगतो. या निवेदनाने प्रेक्षकाशी केलेला करार लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी अडचण त्यातूनच उद्भवते.

दुसरा संकेत शब्दांच्या काटकसरीचा. ही मालिका संवादांपेक्षा स्टोरीबोर्डवर, म्हणजे आधी रेखाटलेल्या दृश्यांच्या क्रमावर, उभी होती आणि काही मिनिटे एकही शब्द न बोलता जात असत. चित्रांना काळ्या बाह्यरेषा नव्हत्या. रंगाला रंग भिडलेला असे, त्यामुळे माणूस आणि भोवतालचा निसर्ग एकाच पटावर दिसत. पहिल्या पर्वातील तीन अंध धनुर्धरांचा भाग या शैलीचा उत्तम नमुना आहे. केवळ आवाजावर नेम धरणाऱ्या या तिघांपुढे जाण्यासाठी जॅक स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि पडणारा बर्फ ऐकू येईपर्यंत थांबतो. प्रेक्षकालाही थांबावे लागते. मुलांसाठी असलेल्या मालिकेत एवढा वेळ निव्वळ ऐकण्यावर खर्च करणे हे मोठे धाडस होते, असे मला आजही वाटते. त्याच भागात इच्छा पूर्ण करणारी एक विहीर आहे. जॅकला घरी परतण्याची इच्छा मागता आली असती, परंतु विहीर शापित आहे आणि धनुर्धरांची दशा तिनेच केली आहे हे कळताच तो आपला परतीचा मार्ग सोडून विहीरच नष्ट करतो. परतीची संधी समोर यावी आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी ती हातची जावी, हा पुढे या मालिकेचा तिसरा संकेत ठरला.

चौथा संकेत बाहेरून लादलेला होता. मुलांच्या वेळेत तलवारीने माणूस कापलेला दाखवता येत नाही. म्हणून जॅकचे शत्रू यंत्रमानव झाले आणि रक्ताच्या जागी काळे तेल उडू लागले. बंधन खरे होते, पण निर्मात्यांनी त्यातूनच अर्थ काढला. पन्नासाव्या भागात एक्स-४९ नावाचा निवृत्त मारेकरी यंत्रमानव भेटतो. त्याला भावना आहेत आणि लुलू नावाची एक लहानशी कुत्री आहे. आकू लुलूला पळवून नेतो आणि जॅकला मारण्याचे काम त्याच्यावर टाकतो. जवळजवळ सबंध भाग त्या यंत्राच्या तोंडून सांगितला आहे, आणि शेवटी जॅकच्या तलवारीने तो पडतो तेव्हा लुलूला सांभाळ, एवढेच तो मागतो. ज्या नियमामुळे शत्रूला यंत्र करावे लागले, तो नियम येथे प्रेक्षकालाच बोचू लागतो.

अडचण

बावन्नावा भाग जॅक आणि एका तान्ह्या बाळाचा आहे. जॅक बाळाला मोमोतारोची, म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेल्या मुलाची जपानी लोककथा सांगतो, बाळ सुखरूप आईपाशी पोचते आणि मालिका थांबते. भाग सुंदर आहे, परंतु तो शेवट नव्हे. भटक्याच्या कथेत कोणताही भाग शेवटचा असू शकतो, ही या प्रकाराची सोय आहे. वचन दिलेल्या कथेत ती सोय उरत नाही.

मधल्या वर्षांत चित्रपटाचे बेत झाले आणि बारगळले. जुलै २००६ मध्ये आकूला आवाज देणारे अभिनेते माको यांचे निधन झाले. आकूचे भय आणि त्याचे थिल्लरपण दोन्ही त्या एकाच गळ्यातून येत असे, म्हणून ही हानी केवळ भावनिक नव्हती. प्रेक्षकही वाढले होते. दहाव्या वर्षी मालिका पाहणारा मुलगा आता पंचविशीत होता.

याहून कठीण अडचण कथेच्या पोटात होती. बावन्न भागांत जॅकने जे काही केले, ज्यांना सोडवले, ज्या निळ्या वानरांकडून उंच उडी शिकला, ज्या स्कॉट योद्ध्याशी मैत्री केली, ते सारे आकूच्या भविष्यातले होते. जॅकने वचन पाळले आणि भूतकाळात जाऊन आकूला मारले, तर ते भविष्य घडतच नाही. एकेका भागाने जोडलेला प्रत्येक माणूस शेवट पुसून टाकतो. भाग सुटे होते तोवर हा विरोध कोणाला जाणवला नाही, कारण मागचे गाव विसरणे हाच त्या प्रकाराचा नियम होता. शेवट करायचा म्हटल्यावर सगळी गावे एकदम आठवली.

त्यात तिसऱ्या पर्वातल्या एका भागाने आणखी एक धागा सोडलेला होता. काळाच्या द्वाराचा पहारेकरी जॅकला हरवतो, पण ठार मारत नाही. जॅक तेथून गेल्यावर द्वारात मुकुट घातलेला, दाढीधारी, वयस्क जॅक दिसतो आणि त्याची वेळ अजून आलेली नाही, असे पहारेकरी सांगतो. म्हणजे जॅक परतेल, परंतु प्रौढ होऊन, राजा होऊन. हे दुसरे वचन पहिल्याइतकेच ठळक होते.

समोर असलेले पर्याय

कथेने स्वतःच चार वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. पहिली म्हणजे अपूर्णतेलाच शेवट मानणे. जॅक कोठेतरी अजून चालतो आहे, ही कल्पना रोनिनकथेच्या प्रकृतीला साजेशी आहे आणि तिच्यात काही बिघडण्याचा धोका नाही. परंतु रोज ऐकवलेल्या वचनाचे काय, याला तिच्यापाशी उत्तर नाही.

दुसरी वाट भूतकाळात परतून आकूला मारण्याची. वचन तंतोतंत पाळले जाते, भविष्य पुसले जाते.

तिसरी, जॅकने भविष्यातच राहून आकूला मारावे. नैतिकदृष्ट्या ही वाट फार ओढ लावणारी आहे, कारण जॅकची खरी माणसे एव्हाना भविष्यातच आहेत आणि घरी परतण्याच्या हट्टापेक्षा जेथे आहोत तेथले दुःख दूर करणे, हेच तो दर भागात करत आला आहे. मात्र आईवडिलांची आणि त्यांच्या प्रजेची गुलामगिरी तशीच राहते.

चौथी वाट पहारेकऱ्याच्या दृश्याची: जॅक म्हातारा होतो, राजा होतो, मग परततो. तिला लांबलचक अवकाश हवा होता.

प्रत्यक्ष कृती

डिसेंबर २०१५ मध्ये पाचव्या पर्वाची घोषणा झाली आणि ११ मार्च २०१७ रोजी ते प्रौढ प्रेक्षकांसाठीच्या ‘अडल्ट स्विम’ वाहिनीवर सुरू झाले. भाग दहाच. पहिला ठळक निर्णय भागांच्या क्रमांकातच दिसतो. प्रत्येक भाग रोमन अंकाने ओळखला जात असे. बावन्ननंतर येणारा भाग त्रेपन्न न होता थेट ब्याण्णव झाला. मधले एकोणचाळीस क्रमांक कोरे सोडले. कथेतही पन्नास वर्षे उलटली आहेत. जॅकचे वय थांबले आहे, दाढी वाढली आहे, पांढरा पेहराव जाऊन अंगावर चिलखत आले आहे आणि तलवार हरवली आहे. प्रेक्षकांची वाट पाहणे आणि नायकाची वाट पाहणे एकमेकांवर ठेवणारा हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नेमका वाटतो. खंड लपवण्याऐवजी त्यांनी तो कथेत घेतला.

निवेदनही बदलले. आरंभीचा आवाज आता आकूचा नव्हता; काळाचा माझ्यावर परिणाम उरलेला नाही, असे जॅक स्वतः थकलेल्या स्वरात सांगू लागला. वचन तेच, परंतु त्यावरचा त्याचा विश्वास उडालेला. आकूची भूमिका ग्रेग बॉल्डविन यांच्याकडे गेली आणि कथेत आकूलाही थकवा आला आहे असे दाखवल्यामुळे आवाजातला फरक काहीसा सामावून घेतला गेला.

दुसरा निर्णय रक्ताचा. आकूच्या भक्तांच्या पंथात मारेकरी म्हणून वाढवलेल्या सात बहिणी जॅकवर हल्ला करतात. नेहमीप्रमाणे हीही यंत्रेच असतील, या समजुतीने तो एकीच्या गळ्यावर पाते फिरवतो आणि मुखवटा फुटून माणसाचा चेहरा व रक्त दिसते. बावन्न भाग पाळलेला नियम येथे मोडला. नियमाचे मोडणे प्रेक्षकाइतकेच नायकालाही हादरवते, म्हणून ती केवळ प्रौढ वाहिनीने दिलेली मोकळीक ठरत नाही. लहानपणी वडिलांना माणसे मारताना पाहिल्याची आठवण, बर्फातला लढा आणि जखमी लांडग्याची समांतर कथा यांवर पुढचा भाग उभा आहे. त्यात बोलणे अगदी थोडे आहे. जुनी शैली आणि नवा आशय यांचा एवढा चांगला मेळ या पर्वात पुन्हा कोठे बसला नाही.

तिसरा निर्णय, सुटे भाग सोडून सलग कथा सांगण्याचा. सात बहिणींपैकी वाचलेली आशी हळूहळू जॅकच्या बाजूला येते. तिचे मन वळते ते एका लहानशा गोष्टीने. शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणतात तो लाल ठिपकेदार किडा जॅक बोटावरून अलगद सोडून देतो. आशीच्या लहानपणी असाच किडा तिच्या आईने चिरडला होता. पुढे जॅक तलवार परत मिळवतो, दोघे प्रेमात पडतात, आणि आशी आकूच्याच अंशापासून जन्मली आहे हे उघड होते.

शेवटचा निर्णय शंभर-एकाव्या भागात येतो. आकू जॅकला जेरबंद करून त्याच्या मृत्यूचे प्रक्षेपण सुरू करतो आणि जुने प्रारंभिक निवेदन जसेच्या तसे ऐकवले जाते. जुने मित्र सोडवायला धावतात, आशी आकूच्या प्रभावातून बाहेर पडते, आपल्या अंगातल्या आकूच्याच शक्तीने काळाचे द्वार उघडते आणि दोघे त्या क्षणी पोचतात, जेथून जॅकला फेकले गेले होते. आकू मरतो. दुसरी वाट निवडली गेली होती. लग्नाच्या दिवशी आशी कोसळते आणि विरून जाते, कारण आकू उरला नाही तर तिचा जन्मच होत नाही. अखेरीस जॅक एकटा रानात येतो, त्याच्या हातावर ढालकिडा बसतो, तो त्याला उडू देतो आणि चेरीच्या बहरलेल्या झाडांकडे पाहून किंचित हसतो.

परिणाम

२० मे २०१७ रोजी कहाणी संपली. पर्वाच्या पूर्वार्धाचे मनापासून कौतुक झाले, तर शेवटाबद्दल मतभेद झाले आणि अंतिम भाग घाईने उरकला, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू आली. आशी आकूबरोबरच का नाहीशी झाली नाही, लग्नापर्यंत कशी टिकली, ही तर्काची शंकाही काढली गेली. पहारेकऱ्याच्या जागी पाचव्या पर्वात केवळ अवशेष दिसतात. राजा जॅकचे वचन असे परस्पर मिटवले गेले. २०२० मध्ये आलेल्या व्हिडिओ गेममध्ये आशी विरून जात नाही असा एक दडवलेला पर्यायी शेवट ठेवला आहे, यावरून तो मुद्दा निर्मात्यांच्या बाजूनेही पूर्ण मिटला नव्हता असे दिसते.

काय वेगळे करता आले असते

आशीच्या जाण्यावर माझा आक्षेप नाही. परतीची किंमत दाखवायचीच तर ती जॅकच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या रूपात दाखवणे योग्यच होते. तर्काच्या शंकेलाही मी फार वजन देत नाही. काळाच्या विवरावर उभ्या असलेल्या कथेत थोडा उशीर चालतो.

माझा आक्षेप भागांच्या वाटणीवर आहे. सात बहिणींशी झगडा आणि त्यानंतरचे मौन यांना पहिल्या तीन भागांत सैल, श्वास घेणारा अवकाश मिळाला, आणि सुटका, लढाई, प्रवास, आकूचा अंत, लग्न, मृत्यू व शोक हे सारे एका भागात कोंबले गेले. सुट्या भागांच्या मालिकेने बर्फ ऐकू येईपर्यंत थांबायला शिकवले होते. सलग कथा सांगताना नेमके तेच थांबणे शेवटाच्या वाट्याला आले नाही. मधल्या भागांतल्या प्रेमकथेचा आणि जोडीच्या प्रवासाचा एक भाग कमी करून तो शेवटाकडे वळवता आला असता. द्वार उघडण्यापूर्वी जॅकने क्षणभर मागे वळून पाहिले असते, तर निर्णयाचे ओझे त्याच्या खांद्यावर दिसले असते. प्रत्यक्षात आशी द्वार उघडते आणि तो जातो. बावन्न भाग दुसऱ्यांसाठी आपली परती सोडणारा हा माणूस या वेळी ती का स्वीकारतो, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि तोही स्वतःला विचारत नाही.

शेवटच्या लढाईत जुने मित्र येतात, पण फौज म्हणून येतात. स्कॉट योद्धा, धनुर्धर, वानर या प्रत्येकाला झलक मिळते आणि कथा पुढे सरकते. आकू मेल्यावर ते सगळेही आशीसारखेच विरून गेले असणार, परंतु पडद्यावर शोक केवळ आशीचा आहे. एका अख्ख्या भविष्याचा निरोप घेण्यासाठी एक शांत, शब्दाविना भाग मिळायला हवा होता, आणि ते या मालिकेला जितके चांगले साधले असते तितके क्वचितच कोणाला साधले असते. त्या भागात स्कॉट योद्ध्याची वाट रिकामी दिसली असती. एक्स-४९ ने मरताना जिला जॅकच्या हाती सोपवले, ती लुलू त्या नव्या जगात कोणाच्या दारात झोपलेली आहे, की कोठेच नाही, हेही दिसले असते.